दोन इंच

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी काही महिन्यांसाठी निर्मळला, माहेरी राहायला आले. बाबांना ओट्यावर चालवायचं, व्यायाम करून घ्यायचे, वेळेवर गोळ्या द्यायच्या, असा दिवस जायचा. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. एक दिवस बाबांचं आटोपल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, खाली बसताना तुम्ही पण भिंत धरता. आत्तापासून काहीतरी करा." पोहणं किंवा सायकल, असे दोन पर्याय तिने दिले. निर्मळला तळं आहे, पण त्यात मी पोहायला उतरले असते तर गावाला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला असता. म्हणून सायकल.

सायकल घरात होतीच. बाबांची. मागच्या पडवीत, जुन्या पोत्यांखाली, हवा गेलेल्या दोन चाकांवर उभी. काळी, २२ इंची फ्रेम, २८ इंची चाकं, रॉडचे ब्रेक, चामड्याची सीट आणि तिच्याखाली जाड स्प्रिंगा. मागचा स्टँड असा भक्कम की लावला की मागचं चाक जमिनीवरून उचललंच जातं. १९८२ साली बाबांनी ती नवी घेतली आणि २००६ साली निवृत्त होईपर्यंत रोज चालवली. निर्मळहून गासवरून सोपारा, तिथून नालासोपारा स्टेशन, स्टेशनाजवळच्या स्टँडवर सायकल लावून पुढे लोकलने गोरेगाव. तिथे कारखान्यात तीन पाळ्या. सायकलवरचं अंतर जाऊन-येऊन बारा किलोमीटर. तेव्हा ना वसई-विरार महानगरपालिका होती (ती २००९ ची), ना पालघर जिल्हा (तो २०१४ चा). रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या होत्या, आणि पाववाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे अशाच काळ्या सायकलींवर फिरायचे.

नाक्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे ती ढकलत नेली. काकांनी पोतं काढलं, बोटाने घंटी वाजवून पाहिली (वाजली!) आणि म्हणाले, "ताई, विकायची असेल तर मला सांगा."

"विकायची नाही. चालवायची आहे."

"तुम्ही?"

"मी."

काकांनी आणखी काही विचारलं नाही. मला वाटत होतं की आता याचे भाग कुठून मिळणार. ॲटलाससारख्या एवढ्या मोठ्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडल्याची बातमी वाचली होती, तेव्हाच या जातीच्या सायकली संपल्या असं मी मनात धरलं होतं. पण काकांच्या डब्यात सगळं होतं. कॉटर पिना, छर्रे, रॉडच्या ब्रेकची रबरं, २८ इंची टायर-ट्यूब. चार दिवसांत त्यांनी चाकांचा आऊट काढला, दोन आरे बदलले, सगळीकडे ग्रीस भरलं आणि सायकल परत दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कळंबच्या किनाऱ्यापर्यंत गेले. जाताना इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाऱ्यात खारा वास, सुरूची झाडं, रस्त्यावर कुत्र्यांशिवाय कोणी नाही. येताना मात्र मनगटं बधिर झाली, मान अवघडली, आणि बसायच्या जागेबद्दल तर न बोललेलं बरं. घरी आल्यावर मी खुर्चीवर न बसता उभ्याउभ्याच चहा प्यायले. बाबा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "होईल सवय."

हे "होईल सवय" आमच्या सगळ्यांच्या हाडीमाशी इतकं मुरलेलं आहे की मला ते पटलं सुद्धा. माझ्या पिढीची सायकल सवयीनेच सुरू झाली. घरात एकच सायकल असायची, मोठ्या माणसाची. दुकानात मिळायची ती २२ नाहीतर २४ इंची. आठ-नऊ वर्षांच्या पोराचा पाय दांड्यावरून जाणं शक्य नसायचं, मग दांड्याखालून पाय घालून, अंग एका बाजूला काढून, अर्धं-अर्धं पायडल मारत आम्ही शिकलो. सायकल आहे तशी आहे, शरीराने काय ते जमवून घ्यायचं. पुढे लोकलमध्येही तेच. तीन जणींच्या बाकावर चौथी उभी राहून म्हणते, "जरा ॲडजस्ट करा ना", आणि विरारपर्यंत चौघी जणी आपापली हाडं आवळून बसतात. बाकाची लांबी कोणी वाढवत नाही. ॲडजस्ट करणं म्हणजे माणसाने आक्रसणं, हाच अर्थ मला पन्नास वर्षं माहीत होता.

सायकलवाल्या काकांच्या तोंडी हाच शब्द उलट्या अर्थाने आला. मी त्यांच्याकडे परत गेले आणि म्हटलं, "काका, सीट फार उंच आहे बहुतेक. बाबा माझ्यापेक्षा उंच. थोडी खाली घ्या." काकांनी सीटच्या खाली बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, ही आणखी खाली जात नाही. पार टेकलीय. मापं घेतल्याशिवाय ॲडजस्ट करू नये. सायकल तुमच्या अंगावर बसली पाहिजे, ब्लाउजसारखी."

मापं कशी घेतात ते त्यांनी दाखवलं. सायकल भिंतीला लावायची, सीटवर नीट बसायचं, एक पायडल पार खाली आणायचं आणि त्यावर टाच ठेवायची. टाच ठेवल्यावर गुडघा सरळ झाला पाहिजे. मग प्रत्यक्ष चालवताना आपण चवड्याने पायडल मारतो, तेव्हा गुडघ्याला आपोआप थोडासा वाक राहतो. तेवढा वाक बरोबर. सीट त्याहून उंच झाली तर पायडल गाठायला कंबर डावी-उजवीकडे हलायला लागते. खाली राहिली तर पायडल वर येतं तेव्हा गुडघा फार दुमडतो, आणि दुमडलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटीच्या मागे जास्त दाब येतो.

मला जरा आकड्यांची खोड आहे. शोधताना कळलं की याचंही एक गणित आहे. १९६७ साली इंग्लंडमध्ये हॅम्ले आणि थॉमस या दोघांनी प्रयोग करून मांडलं होतं की पायाची आतली लांबी मोजायची आणि तिच्या १०९ टक्के अंतर पायडलपासून सीटपर्यंत ठेवायचं. पायाची आतली लांबी मोजायची पद्धत गंमतशीर आहे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक धरून वर घट्ट दाबायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेची भिंतीवर खूण करायची. मी पाककृतींचं पुस्तक वापरलं. लांबी भरली ७७ सेंटिमीटर. तिच्या १०९ टक्के म्हणजे ८४.

मग शिवणाची टेप घेऊन सायकल मोजली. खालच्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत ८३.

मी दोनदा मोजलं. जी सीट बाबांची म्हणून मला उंच वाटत होती, ती जवळजवळ बरोबर माझ्या मापाची होती. एका सेंटिमीटरचा फरक, तोही चामडं सैल पडून मध्ये झोळ आल्यामुळे असेल. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग ती एक सेंटिमीटर वर घेऊ. पण आधी नळी बाहेर काढून ग्रीस लावायला हवं, किती वर्षं हलली नाही कोण जाणे. सर्व्हिसिंगच्या वेळी तिला हात लावला नव्हता, तुटली असती."

सीटची नळी फ्रेमच्या नळीत गंजून बसली होती. नटावर आणि फटीत तेल सोडून रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी काकांनी सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे पिळली, तीन-चार वेळा, आणि मग एकदम करकर असा आवाज करत नळी बाहेर आली. काकांनी ती फडक्याने पुसली, उजेडात धरली आणि म्हणाले, "हे बघा."

नळीवर दोन कड्या होत्या. एक वर, जिथे आत्तापर्यंत फ्रेमने तिला आवळून धरलं होतं. दुसरी त्याच्या दोन इंच खाली. पुसट, पण चांगली गोल, पूर्ण वेढा घेतलेली. दोन कड्यांच्या मधल्या भागावर बारीक खड्डे पडले होते, ऊन-पावसात राहिलेल्या लोखंडावर पडतात तसे. फ्रेमच्या आत दडलेल्या भागाला ऊन-पाऊस कसा लागेल? "म्हणजे ही सीट आधी दोन इंच वर होती," काका म्हणाले, "बरीच वर्षं. मग कोणीतरी पार खाली घेतली आणि परत हात लावला नाही."

घरी येऊन मी बाबांना विचारलं. ते दुपारचे पडले होते. "सीट? हां, तुझ्यासाठीच की. तू आठवीत गेलीस तेव्हा."

मी आठवीत गेले १९८८ साली. हायस्कूल तीन किलोमीटरवर. बाबांची रात्रपाळी असली की ते सकाळी साडेआठला सायकल घेऊन घरी यायचे आणि संध्याकाळी परत निघायचे, तेवढ्या वेळात सायकल माझी. तीन आठवड्यांतून एक आठवडा आणि रविवार, एवढाच माझा वाटा. मुलीने दांड्याची सायकल चालवायची म्हणजे तेव्हा माना वळायच्या. पण बाबांनी एका शब्दाने कधी अडवलं नाही आणि मला त्याचंच कौतुक होतं. सीटचं मला आठवतही नव्हतं. पाय पुरायचे, मी जायचे. पाय का पुरतात हा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलीला पडत नाही.

"पण मग तुम्ही कसे चालवायचात?"

"कसे म्हणजे? तशीच."

"परत वर नाही घेतली?"

"रोज कोण पान्हा घेऊन बसणार? शिवाय पाळी बदलली की तू परत मागणार. म्हटलं राहू दे." मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "नंतर तू कॉलेजला गाडीने जायला लागलीस. तेव्हा एकदा बघितलं होतं. पण नट धरला होता. आणि सवय पण झाली होती."

बस. एवढंच. कूस बदलून ते झोपले.

माझी मात्र झोप उडाली. रात्री कागद घेऊन बसले. पुढच्या चक्राचे दाते ४४, मागचे १८, हे मी मोजले होते. २८ इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या जरा आत. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. बारा किलोमीटरला बावीसशेच्या आसपास फेरे. वर्षाचे कामाचे दिवस २८० धरले तर सहा लाखांच्या वर. १९८८ ते २००६, अठरा वर्षं. एक कोटीच्या वर फेरे. आपल्या भागात चढ नाहीत तसे आयते उतारही नाहीत, पायडल मारावंच लागतं. एक कोटी वेळा उजवा गुडघा दुमडला, हवा त्यापेक्षा जास्त दुमडला. तोच गुडघा, जो आता कापून त्यात धातूचा सांधा बसवला होता.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारलंच. ते हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. म्हणाले की गुडघ्याची झीज एका कारणाने होत नाही. वय असतं, वजन असतं, घराण्यातून येतं, आणि उभ्याने केलेलं काम असतं. यंत्रासमोर आठ तास आणि लोकलमध्ये येता-जाता उभं राहण्याचा हिशेब तुम्ही धरला का? तो मी धरला नव्हता. शिवाय सायकल चालवणं सांध्यांना एरवी चांगलंच असतं, कदाचित सायकलमुळेच गुडघा इतकी वर्षं टिकला असेल, असंही ते म्हणाले. तेव्हा दोष त्या दोन इंचांचा आहे असं मला म्हणता येणार नाही. नाही असंही म्हणता येणार नाही. ते कोटीचं गणित मी घडी घालून पाकृच्या पुस्तकात ठेवून दिलं.

असो. सायकलचं काम अर्धंच झालं होतं. सीटची उंची जर ठीक होती तर मनगटं आणि मान का दुखत होती? काका म्हणाले की हँडल. ते पार खाली बसलेलं होतं, बहुतेक सीटबरोबरच उतरवलेलं. तेरा वर्षांच्या पाठीला त्याचं काही वाटलं नसेल, पन्नाशीच्या पाठीला वाटतं. सगळा भार तळहातांवर येतो आणि समोर बघायला मान मागे मोडावी लागते.

रॉडच्या ब्रेकच्या सायकलचं हँडल वर घ्यायचं म्हणजे एक गोम आहे, ती सांगून ठेवते, कोणाला उपयोगी पडेल. ब्रेकच्या मुठी हँडललाच जोडलेल्या आणि त्यांच्यापासून सळ्या थेट खाली गेलेल्या. मूठ दाबली की सळ्या वर ओढल्या जातात आणि रबरं रिमला लागतात. आता हँडलच वर उचललं तर मूठ न दाबताच ब्रेक लागून बसणार! म्हणून आधी दोन्ही ब्रेकच्या सळ्यांचे जोड सैल करायचे. मग हँडलच्या मध्यावरचा उभा बोल्ट दोन-तीन आटे सोडायचा आणि त्याच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा एक टोला द्यायचा. आत फसलेली पाचर खाली सुटते आणि हँडल हलतं. आम्ही ते सव्वा इंच वर घेतलं. त्याहून जास्त घ्यायचा मोह होतो, पण हँडलची दांडी निदान अडीच इंच आत राहिली पाहिजे, नाहीतर भर रस्त्यात हातात यायची. मग हँडल चाकाशी काटकोनात आणायचं, बोल्ट आवळायचा, सळ्यांचे जोड नव्याने बसवायचे आणि घरापासून शंभर पावलांच्या आत ब्रेक नीट तपासायचे.

सीटचं नाकही किंचित वर होतं. त्यावर लाकडी पट्टी ठेवून ती अगदी आडवी केली, आणि सीट रुळावरून पुढे सरकवली, दोन सेंटिमीटर. इतक्या बारीक फरकाने काय होणार असं मला वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी कळंबहून येताना मनगटं शाबूत होती.

राहिलं चामडं. सीटच्या नाकाखाली एक नट असतो, तो आवळला की सैल पडलेलं चामडं ताणलं जातं. एकदम नाही, अर्धा-अर्धा आटा, नाहीतर वाळलेलं चामडं फाटतं. झोळ कमी झाला, पण दुखणं पूर्ण गेलं नाही. मग एकदा सकाळच्या तिरप्या उन्हात सीट नीट बघितली तेव्हा लक्षात आलं. तिच्यावर दोन खळगे होते, मागच्या बाजूला. चामड्याची सीट माणसाच्या बसायच्या हाडांचा ठसा घेते, आणि बायकांची ती हाडं सहसा पुरुषांपेक्षा जरा दूर-दूर असतात. हे खळगे बाबांचे होते. अठरा वर्षं उंची माझी आणि ठसा त्यांचा, अशी ती सीट चालली होती.

तीन आठवडे मी प्रयत्न केला. "होईल सवय" म्हणून बघितलं. नाही झाली. शेवटी काकांकडून थोडी रुंद, स्प्रिंगवालीच सीट घेतली. (फार मऊ, गादीसारखी घेऊ नका असं त्यांनीच बजावलं. हाडं आत रुततात आणि मधला भाग टोचतो.) जुनी सीट फेकायला हात होईना. तेल लावून पडवीत खुंटीला टांगली आहे.

एक काम मात्र मला करायचंच होतं. बाबांना काठी घेऊन भिंतीपाशी उभं केलं, पाककृतींचं पुस्तक आणलं आणि त्यांची मापं घेतली. "आता हे काय नवीन," असं म्हणत त्यांनी घेऊ दिली. माणूस म्हातारपणी उंचीला कमी होतो तो पाठीच्या कण्यात, पायाची हाडं असतात तेवढीच राहतात. लांबी ८१ सेंटिमीटर. १०९ टक्के काढले, ८८ आणि थोडं वर. खालच्या कडीवर सीट धरली असती तर किती आली असती? ८३ अधिक दोन इंच, म्हणजे ८८.

१९८२ साली दुकानात कोणी पुस्तक धरून त्यांचं माप घेतलं नव्हतं. त्यांनीच चार-सहा दिवस चालवून, थोडी वर थोडी खाली करून, आपल्या पायाला बरी वाटेल तिथे सीट आणली असणार आणि पान्हा मारला असणार. म्हणजे त्यांना माहीत होतं. आपलं बरोबर माप कुठलं ते त्या माणसाला नीट माहीत होतं, सहा वर्षं तो त्या मापावर बसला होता, आणि मग एका सकाळी तो पान्हा घेऊन बसला. मी हे त्यांना बोलून दाखवलं नाही. ते म्हणाले असते, "त्यात काय एवढं."

काकांकडून लाल ऑइलपेंटची डबी आणली आणि नळीवर दोन खुणा केल्या. वरची माझी. खालची, त्या जुन्या कडीवर, बाबांची. नटाला ग्रीस लावलं आणि पान्ह्याला दोरी बांधून तो पडवीत खुंटीला अडकवला, जुन्या सीटशेजारी. नळी मोकळी असली की सीट वर-खाली करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मी घड्याळ लावून बघितलं.

नाताळच्या सुट्टीत भाऊ आला, भाचाही आला. भाचा सतरा वर्षांचा, आजोबांच्या अंगलोटाचा, लांब पायांचा. त्याला भुईगाव-गिरीजकडचे नाताळगोठे बघायला मित्रांबरोबर जायचं होतं. "आत्या, तुझी ही ॲंटिक घेऊन जाऊ?" मी म्हटलं, "ने, पण सीट खालच्या खुणेवर घे." त्याने हसत-हसत घेतली, आणि रात्री साडेअकराला परत आल्यावर म्हणाला, "मस्त बसते गं मला. अगदी मापाची." मी त्याला काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "मला सकाळी लागेल, परत वर... म्हणजे माझ्या खुणेवर आण." तो "हो हो" म्हणाला आणि अर्थातच तसाच जाऊन झोपला.

सकाळी साडेपाचला मी पडवीत गेले ती आता अंधारात पान्हा शोधावा लागणार असं धरूनच. दिवा लावला. सायकल स्टँडवर उभी होती आणि सीट खाली होती, बरोबर माझ्या खुणेवर. पान्हा खुंटीवर नव्हता. ओट्याच्या कडेवर होता, बाबांच्या काठीजवळ.